ग्रानादा : पाण्याच्या वाटेनं पाहायचं शहर

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरातला अल्हाम्ब्रा हा राजवाड्यांचा किल्ला पाहायला वर्षाला २५ लाखांहून अधिक माणसं येतात. त्यांतली कितीतरी सकाळी मालागा किंवा सेव्हियाहून बसनं निघतात, दुपारपर्यंत राजवाडे पाहतात, फोटो काढतात आणि दिवेलागणीला परत फिरतात. अल्हाम्ब्रा पाहून होतो, ग्रानादा मात्र राहून जातं. हे शहर घाईत कळणारं नाही. गेल्या जवळजवळ सातशे वर्षांत इथं येऊन गेलेल्या प्रवाशांचं लिखाण वाचलं, की त्यांच्यात काळाचं, धर्माचं, भाषेचं कितीही अंतर असलं तरी एका गोष्टीपाशी बहुतेक सगळे थबकलेले दिसतात. ती गोष्ट म्हणजे इथलं पाणी. ग्रानादा समजून घ्यायचं असेल तर पाण्याच्या मागोमाग चालावं, असं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

बर्फ आणि पाट

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाठीशी सिएरा नेवादाची रांग उभी आहे. या रांगेतलं मुलासेन शिखर ३४७९ मीटर उंच, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या अख्ख्या द्वीपकल्पात सर्वांत उंच. उन्हं तापायला लागली तरी वरचा बर्फ शहरातून दिसत राहतो. तोच वितळून खालची माणसं, बागा आणि शेतं जगवतो. दार्रो नावाची लहानशी नदी दोन टेकड्यांमधल्या घळीतून शहरात उतरते. एका टेकडीवर अल्हाम्ब्रा, समोरच्या टेकडीवर आल्बायसिन ही जुनी वस्ती. प्लासा नुएवा चौकापाशी नदी रस्त्याखाली जाते, शहराच्या पोटातून वाहते आणि पुढं हेनील नदीला मिळते. पश्चिमेला वेगा हे सपाट, सुपीक मैदान पसरलं आहे.

मुस्लिम राजवटीतल्या शेतकऱ्यांनी सिएरा नेवादाच्या उतारांवर मातीचे पाट खणले. त्यांतले काही थेट शेताला पाणी देतात, तर काही मुद्दाम झिरपते ठेवलेले आहेत. वसंतात बर्फ वितळायला लागला की पाणी या उंचावरच्या पाटांत वळवायचं, उतारावर सोडायचं आणि जिरू द्यायचं. तेच पाणी ऐन उन्हाळ्यात खालच्या गावांच्या झऱ्यांतून वर येतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आपल्याकडं भिंतीभिंतींवर रंगवलेलं वाक्य तिथं डोंगरावर हजारेक वर्षं आचरणात आहे. विसाव्या शतकात डोंगरातली गावं ओस पडत गेली आणि पुष्कळ पाट बुजले. आता ग्रानादा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ गावकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना बरोबर घेऊन ते पुन्हा वाहते करताहेत. या कामामागं इतिहासाचं प्रेम आहे, तशीच वाढत्या दुष्काळाची चिंताही आहे.

दौलताबाद पाहून आलेला पाहुणा

१३५० च्या सुमारास तांजिएरचा इब्न बतूता ग्रानादात आला. मराठी वाचकाला हा प्रवासी परका नाही. मुहम्मद तुघलकाच्या पदरी दिल्लीत काझी म्हणून राहिलेला, दौलताबादचा किल्ला आणि तिथले मराठे पाहून त्यांच्याविषयी लिहिलेला, गोव्यावरच्या स्वारीत सामील झालेला हाच तो. अर्ध्या जगाची वाट तुडवून आलेल्या या माणसानं ग्रानादाच्या परिसराला तोड नाही, असं लिहून ठेवलं. हेनीलच्या काठची मैलोन् मैल पसरलेली बागायत, द्राक्षमळे आणि फळबागा त्यानं पाहिल्या. शहराबाहेरच्या ऐनदामार झऱ्याच्या परिसरातल्या बागांचाही त्यानं मुद्दाम उल्लेख केला.

त्या वेळी गादीवर सुलतान पहिला युसूफ होता. तो आजारी असल्यानं भेट झाली नाही, पण सुलतानाच्या आईनं पाहुण्याला सोन्याची नाणी पाठवली. इथं स्थायिक झालेल्या परदेशी फकिरांचीही नोंद इब्न बतूतानं केली आहे. कुणी समरकंदचा, कुणी तब्रीझचा, कुणी कोन्याचा, आणि दोघं हिंदुस्थानातले. त्यांना हा मुलूख आपापल्या देशासारखा वाटला, म्हणून ते इथंच राहिले. चौदाव्या शतकात हिंदुस्थानातून निघून युरोपच्या या टोकाला घर करणाऱ्या त्या दोघांचं, अली आणि रशीद यांचं, तिथं असणं नावानिशी नोंदलं गेलं, हे काही थोडं नाही.

याच मुक्कामात एका बागेत मंडळी जमली असताना इब्न बतूतानं आपल्या प्रवासाच्या हकिकती सांगितल्या. ऐकणाऱ्यांत इब्न जुझय नावाचा ग्रानादाचा तरुण लेखक होता. पुढं मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्यानंच इब्न बतूताचा सगळा प्रवास फेस शहरात लिहून काढला आणि १३५५ मध्ये तो ग्रंथ पूर्ण झाला. चौदाव्या शतकातल्या दौलताबादचं जे वर्णन आपण वाचतो, ते कागदावर उतरलं एका ग्रानादाकराच्या लेखणीतून.

आल्बायसिनची टाकी

शहर पाहायला सुरुवात करावी ती आल्बायसिनपासून. दार्रोच्या काठानं जाणारा अरुंद रस्ता धरला की उजव्या हाताला नदी, तिच्यावरचे छोटे दगडी पूल आणि वर अल्हाम्ब्राच्या तांबूस भिंती दिसतात. याच रस्त्यावर अकराव्या शतकातलं हमाम आहे. त्याच्या घुमटाकार छताला चांदणीच्या आकाराची भोकं आहेत. त्यांतून वाफ बाहेर जायची आणि उजेड आत यायचा. आजही सकाळच्या उन्हाचे कवडसे फरशीवर पडतात आणि जसजसा सूर्य चढतो तसतसे सरकत जातात. आत दहा मिनिटं उभं राहिलं तरी त्यांचं सरकणं लक्षात येतं.

पुढं चढ सुरू होतो. गोट्यांच्या फरसबंदीच्या गल्ल्या, पांढऱ्या भिंती, आणि भिंतीआड बाग असलेली घरं. या घरांना तिथं 'कार्मेन' म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. भिंतीवरून डोकावणारी वेल, सरूचा शेंडा आणि आतून येणारा कारंज्याचा आवाज, एवढ्यावरच आतल्या बागेची कल्पना करायची.

चालताना कोपऱ्याकोपऱ्यावर विटांच्या कमानीखाली बंद केलेली तोंडं दिसतात. ती पाण्याच्या टाक्यांची. आल्बायसिनमध्ये अशी पंचवीसेक टाकी शिल्लक आहेत. ऐनदामारचा झरा शहरापासून काही मैलांवर, अल्फाकार गावाजवळ आहे. तिथून अकराव्या शतकात पाट काढून पाणी या टेकडीवर आणलं आणि वस्तीवस्तीतल्या टाक्यांत साठवलं. बहुतेक टाकी मशिदींना लागून होती, कारण नमाजाआधी वजू करायला पाणी लागायचं. पुढं मशिदींची चर्चेस झाली, तरी लोक पाणी त्याच टाक्यांतून भरत राहिले. राज्य बदललं, देव बदलला, पण पाणवठा तोच राहिला. विसाव्या शतकात नळ येईपर्यंत आल्बायसिनची तहान या टाक्यांनीच भागवली. सर्वांत मोठं 'राजाचं टाकं' आता पाण्याचा इतिहास सांगणारं छोटं केंद्र झालं आहे. फार कमी पर्यटक तिथं जातात. आपण जावं.

वर सान निकोलासच्या सज्ज्यावरून समोर अल्हाम्ब्रा आणि त्यामागं सिएरा नेवादा असं दृश्य दिसतं. १९९७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन इथं आले, इथल्या सूर्यास्ताची त्यांनी मनापासून स्तुती केली, आणि तेव्हापासून संध्याकाळी इथं पाय ठेवायला जागा नसते. सकाळी लवकर आलात तर सज्जा मोकळा मिळतो. शेजारीच २००३ मध्ये उघडलेली मशीद आहे. १४९२ मध्ये इथली मुस्लिम राजवट संपली, त्यानंतर पाच शतकांनी या शहरात पहिल्यांदा नवी मशीद उभी राहिली. तिची बाग सगळ्यांना खुली आहे.

हलू न देणारं पाणी

अल्हाम्ब्राची टेकडी मुळात कोरडी. १२३८ मध्ये नासरी घराण्याचा संस्थापक पहिला मुहम्मद ग्रानादात आला आणि त्यानं या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा आधी पाण्याची सोय करावी लागली. सुमारे ६ किलोमीटर वर दार्रोला बांध घालून पाणी उचललं आणि डोंगराच्या कडेनं, उतार साधत, किल्ल्यापर्यंत आणलं. हा 'राजपाट' आला म्हणून पुढचं सगळं घडलं. त्यानंतरच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पहिला युसूफ आणि त्याचा मुलगा पाचवा मुहम्मद यांनी आज आपण पाहतो ते राजवाडे उभारले.

या वाड्यांत भिंतींवरच्या गिलाव्यातल्या नक्षीकडं, छताच्या मधाच्या पोळ्यासारख्या कोरीव कामाकडं डोळे आपोआप जातात. थोडा वेळ मान खाली घालून जमिनीकडंही पाहावं. कोमारेस महालाच्या चौकात ३४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद तलाव आहे. त्याच्या दोन्ही टोकांना जमिनीत बसवलेलं एकेक उथळ, गोल, संगमरवरी कुंड आहे आणि त्यात पाणी उसळतं. ते सरळ तलावात पडत नाही. चिंचोळ्या चरातून जाताना त्याचा जोर मोडतो आणि ते अगदी हळू तलावात उतरतं. पाणी सतत येतंय, पण तलावावर तरंग उठत नाही. म्हणून ४५ मीटर उंचीचा कोमारेस बुरूज त्यात न फुटता, सबंध दिसतो. आरशासारखं पाणी राखायला एवढा विचार केलेला पाहिला, की बांधणाऱ्यांच्या बुद्धीला हात जोडावेसे वाटतात.

शेजारच्या सिंहांच्या चौकात याच्या उलट प्रकार आहे. तिथं पाणी ठेवलंय ते चालतं-बोलतं. मध्ये बारा संगमरवरी सिंहांनी पेललेलं कारंजं, चारी बाजूंनी १२४ खांबांची ओवरी, आणि आतल्या दालनांतून फरशीतल्या चरांवाटे मध्याकडं वाहत येणारं पाणी. बारा सिंह सारखे वाटतात, पण प्रत्येकाची आयाळ आणि चेहरा थोडा वेगळा आहे. कुंडाच्या कडेवर इब्न झम्रक या वजीर-कवीची अरबी कविता कोरली आहे. हे सिंह अनेक वर्षांच्या जतनकामानंतर २०१२ मध्ये पुन्हा आपल्या जागी आले.

तिथून हेनेरालिफेला, म्हणजे सुलतानांच्या उन्हाळी बागेत, जावं. बागेच्या वरच्या अंगाला एक जिना आहे. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर हात ठेवायची जागा कौलांनी पन्हळीसारखी पोकळ केली आहे आणि तिच्यातून पाणी धावतं. वर झाडांची कमान, पायऱ्यांवर गारवा, आणि उतरताना कठड्यावर हात ठेवला की बोटांमधून डोंगराचं थंडगार पाणी जातं. १५२६ मध्ये व्हेनिसचा राजदूत आंद्रेआ नावाजेरो याच जिन्यावर उभा होता आणि त्यानं या वाहत्या कठड्यांचं बारकाईनं वर्णन केलं आहे. हा जिना जवळजवळ पाचशे वर्षं पाहुण्यांना तसाच भेटतो आहे.

वचन आणि वचनभंग

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल यानं शहर फर्नांदो आणि इसाबेल या ख्रिस्ती राजाराणीच्या हवाली केलं. त्याआधी झालेल्या तहात मुस्लिम प्रजेचा धर्म, मशिदी, मालमत्ता आणि न्यायपद्धती राखण्याचं वचन होतं. त्याच वर्षी ३१ मार्चला ज्यूंना देश सोडायचा हुकूम निघाला, तोही इथूनच. १७ एप्रिलला शेजारच्या सान्ता फे या छावणीच्या गावात कोलंबसाशी करार झाला. जगाचा नकाशा बदलणारे तीन प्रसंग चार महिन्यांत, काही मैलांच्या परिसरात घडले.

मुस्लिमांना दिलेलं वचन दहा वर्षंही टिकलं नाही. १४९९ पासून सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले आणि बिब-रांब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. आज त्या चौकात फुलांची दुकानं आहेत आणि लोक चुरोस चॉकलेटमध्ये बुडवून खात बसतात. १५६८ मध्ये धर्मांतरितांनी बंड केलं, ते मोडलं गेलं, आणि १६०९ पासून उरलेल्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. नावाजेरोनं १५२६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की जुने रहिवासी जातील तसतशा इथल्या बागा आणि घरं ओसाड होत चालली आहेत. पाट खणणं, साफ करणं, पाळीनं पाणी घेणं हे पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान होतं. माणसं हाकलली की ते ज्ञानही त्यांच्याबरोबर जातं.

सम्राट पाचव्या चार्ल्सनं अल्हाम्ब्रातच आपला महाल बांधायला घेतला. पेद्रो माचूकानं आखलेला हा महाल बाहेरून चौकोनी आणि आतून वर्तुळाकार आहे. वास्तू म्हणून तो उत्तम आहे. मात्र त्याचा खर्च धर्मांतरित मुस्लिमांवरच्या करातून चालला होता. बंडानंतर पैसा आटला, काम रखडलं, आणि छप्पर चढायला विसावं शतक उजाडलं. शहरात खाली फर्नांदो आणि इसाबेल यांचं समाधिमंदिर आहे. वर संगमरवराची देखणी थडगी आणि खाली तळघरात शिशाच्या साध्या पेट्या. २ जानेवारीला आजही विजयदिन साजरा होतो आणि दरवर्षी त्याला विरोध करणारे ग्रानादाकरही रस्त्यावर उतरतात. इतिहास इथं पुस्तकात मिटलेला नाही.

मुक्कामाला राहिलेले

१८१२ मध्ये माघार घेताना नेपोलियनच्या फौजांनी अल्हाम्ब्राचे कित्येक बुरूज सुरुंगानं उडवले. त्या पडक्या वास्तूत १८२९ मध्ये अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग येऊन राहिला. मोडक्या महालात संसार थाटलेल्या गरीब कुटुंबांकडून त्यानं दंतकथा ऐकल्या आणि १८३२ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. त्या पुस्तकानं युरोप-अमेरिकेचं लक्ष इकडं वळवलं. त्याच्याबरोबर आलेल्या दोल्गोरुकी या रशियन सरदारानं इथं एक नोंदवही भेट दिली. पाहुण्यांनी नक्षीदार भिंतींवर नावं कोरण्यापेक्षा या वहीत लिहावीत, हा हेतू. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांचा ताप आपल्या किल्ल्यांना आजही आहे, त्यामुळं या वहीचं मोल मराठी माणसाला सांगायला नको.

फ्रेंच लेखक तेओफिल गोतिए १८४० मध्ये आला. अल्हाम्ब्रात मुक्काम ठोकला आणि वाइनच्या बाटल्या सिंहांच्या कारंज्यात गार केल्या. इंग्रज वास्तुकार ओवेन जोन्स आणि त्याचा फ्रेंच सोबती ज्यूल गूरी यांनी १८३४ मध्ये भिंतीन् भिंत मोजून काढली. गूरी इथंच पटकीनं गेला. जोन्सनं परत येऊन काम पुरं केलं, आणि त्याच्या रेखाटनांतून इंग्लंडच्या सजावटकलेला नवं वळण मिळालं. डच चित्रकार एशर १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये आला आणि इथल्या फरश्यांचे आकार वहीत उतरवत बसला. एकमेकांत गुंतत जाणाऱ्या आकृत्यांची त्याची जगप्रसिद्ध चित्रं त्या अभ्यासातून पुढं आली. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते इथं थांबले, मोजत राहिले, ऐकत राहिले. म्हणून त्यांना काही मिळालं.

झऱ्यापाशी संपलेलं आयुष्य

या मातीतला सर्वांत मोठा कवी फेदेरिको गार्सिया लोर्का. जन्म १८९८ चा, वेगातल्या फुएन्ते वाकेरोस गावचा. १९२२ च्या जूनमध्ये त्यानं आणि संगीतकार मान्युएल दे फाया यांनी मिळून अल्हाम्ब्रात खोल, जुन्या फ्लामेन्को गायनाची स्पर्धा भरवली. हे गाणं तोवर दारूच्या गुत्त्यातलं म्हणून हेटाळलं जात होतं. ज्या चौकात ती रंगली, त्याच्या पोटातही एक प्रचंड टाकं आहे. यादवी युद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९३६ मध्ये, फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी लोर्काला पकडून ठार केलं. ती जागा विस्नार आणि अल्फाकारच्या दरम्यान, ऐनदामारच्या झऱ्याजवळची. इब्न बतूताला जिथल्या बागांनी भुरळ घातली आणि जिथून आल्बायसिनला पाणी आलं, तोच हा झरा. लोर्काचा देह अजून सापडलेला नाही. त्याचं उन्हाळ्यातलं घर शहरात संग्रहालय म्हणून जपलं आहे. ते चुकवू नये.

फ्लामेन्को ऐकायला लोक साक्रोमोन्तेच्या टेकडीवर जातात. तिथं डोंगर कोरून केलेली, आतून चुन्यानं रंगवलेली गुहेतली घरं आहेत आणि त्यांत पिढ्यान् पिढ्या जिप्सी समाज राहत आला. या समाजाचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनला पोचले. १९६३ मध्ये मुसळधार पावसानं कित्येक गुहा ढासळल्या आणि बहुतेक कुटुंबांना टेकडी सोडून शहराच्या कडेला जावं लागलं. आज तिथं नाच-गाणं पाहताना हेही माहीत असावं.

ताटात भारत

ग्रानादात पेय मागवलं की सोबत खाण्याची एक बशी फुकट येते. ही पद्धत अजून शाबूत आहे. शाकाहारी माणसानं आधी विचारून घ्यावं, कारण डुकराचं मांस कशातही असू शकतं. पण एक पदार्थ निर्धास्त मागवावा : वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप आणि त्यांवर सोडलेली उसाची काकवी. वांगं आणि ऊस दोन्ही भारतातून इराण आणि अरब मुलखामार्गे या किनाऱ्याला आले. ग्रानादाच्या दक्षिणेला मोत्रीलच्या भागात शेकडो वर्षं उसाची शेती झाली. घरापासून इतक्या लांब वांगं आणि काकवी एका बशीत भेटतात, याचा आनंद वेगळाच आहे. सान्ता फेचे पियोनोनो नावाचे छोटे गोड केकही खाऊन पाहावेत.

जाण्याआधी

माद्रिदहून वेगवान रेल्वे साडेतीन तासांच्या आसपास ग्रानादाला पोचवते. मालागाहून बसनं दीड-दोन तास लागतात. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बाहेर पडणं कठीण. चढ-उतार आणि गोट्यांचे रस्ते भरपूर, तेव्हा पायात चांगले बूट हवेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन्ही टेकड्यांवर छोट्या बस जातात.

अल्हाम्ब्राचं तिकीट नावावर असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि नासरी महालात शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून ते विमानाच्या तिकिटाबरोबरच काढावं. आणि या शहराला किमान तीन दिवस द्यावेत : एक आल्बायसिन आणि दार्रोकाठाला, एक अल्हाम्ब्रा आणि हेनेरालिफेला, एक खालच्या शहराला, लोर्काच्या घराला आणि साक्रोमोन्तेला. सहल कंपनी 'ग्रानादा अर्धा दिवस' म्हणाली, तर तो कार्यक्रम बदलून मागा.